भात उत्पादनाचा आलेख काढताय? या चुका टाळा

दर फेब्रुवारीत माझ्याकडे चार-पाच प्रकल्प-अहवाल तपासायला येतात. विषय बहुतेकदा ठरलेला: भारतातल्या भात उत्पादनाचा कल. गेल्या खेपेला एका मुलीने ठळक अक्षरांत लिहिलं होतं की 1950-51 पासून 2020-21 पर्यंत देशाचं भात उत्पादन नऊपट झालं. आलेख देखणा होता, रंगही छान. पण उत्पादन वाढलंय सहापट.

तिने पहिला आकडा केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या तक्त्यातून उचलला होता, 205.8 लाख टन. शेवटचा, 2020 चा, एफएओच्या म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संकेतस्थळावरून, सुमारे 1865 लाख टन. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. फरक इतकाच की आपलं मंत्रालय तांदूळ मोजतं आणि एफएओ टरफलासकट धान. त्याच वर्षाचा, 2020-21 चा, मंत्रालयाचा आकडा आहे 1243.7 लाख टन. त्याला दीडने गुणा, 1865 हाती लागतात.

या घोळात आपल्या भाषेचाही हात आहे. शेतात उभा तो भात, कणगीत ओतला तो भात आणि ताटात वाढला तोही भात. विदर्भात निदान धान म्हणतात, काही ठिकाणी साळ म्हणतात. एकदा गिरणीवर जाऊन उभं राहा, म्हणजे हा दीडपटीचा हिशेब कायमचा डोक्यात बसेल. क्विंटलभर भात भरडायला टाकला की एका बाजूला तुसाचा ढीग पडतो, दुसरीकडे कोंडा, आणि पोत्यात तांदूळ येतो जेमतेम 65-67 किलो, कणी धरून. सरकारी खरेदीतल्या धानाच्या भरडाईलाही साध्या, म्हणजे न उकडलेल्या, तांदळासाठी 67 टक्क्यांचाच उतारा धरतात. म्हणून तुमचा आकडा कुठेही दीडपट किंवा दोनतृतीयांश दिसला, तर बाकी काही शोधण्याआधी तक्त्याच्या डोक्यावर धान लिहिलंय की तांदूळ ते बघा.

हेच हेक्टरी उत्पादकतेचं. मंत्रालय 2020-21 साठी हेक्टरी सुमारे 2717 किलो सांगतं आणि शेतकरी सांगतो एकरी 16 क्विंटल. विद्यार्थ्याला वाटतं, शेतकरी फुगवून सांगतोय. करून बघा: 2717 किलो तांदूळ म्हणजे साधारण 4075 किलो धान, ते हेक्टरावर, एकराला साडेसोळा क्विंटल. शेतकऱ्याचं बरोबर होतं.

मिलियनचं लाखात रूपांतर करताना शून्य गाळणं ही चूक इतकी जुनी आहे की तिच्यावर वेळ घालवत नाही. 1 मिलियन म्हणजे 10 लाख. ‘124 लाख टन’ असं काही दिसलं की थांबा.

आता सगळ्यांत खोडकर चूक: सुरुवातीचं वर्ष. देशात 2001-02 ला 933.4 लाख टन तांदूळ झाला. पुढच्या वर्षी जुलै कोरडा गेला, लावण्या रखडल्या आणि उत्पादन 718.2 लाख टनांवर आलं. 2011-12 ला ते 1053 लाख टन होतं. 2001-02 पासून मोजलंत तर वार्षिक चक्रवाढ दर येतो 1.2 टक्के. एकच वर्ष पुढे सरकून 2002-03 पासून मोजलंत तर 4.3 टक्के. एका घराची वाढ बाप आजारी असताना मोजायची का धडधाकट असताना, तसला हा प्रकार. मुद्दाम करणारेही असतात, विशेषतः भाषणांत. तुमच्या आलेखात सुरुवातीला किंवा शेवटी 2002-03 किंवा 2009-10 आलं असेल तर त्या टोकाला तीन वर्षांची सरासरी घ्या. 2009-10 लाही दुष्काळाने उत्पादन 991.8 वरून 890.9 लाख टनांवर आणलं होतं.

याच चुकीची एक चुलतबहीण हरितक्रांतीच्या परिच्छेदात भेटते. 1966 साली आयआर-8 हे भाताचं जास्त उतारा देणारं वाण आलं आणि भात झेपावला, असं प्रत्येक अहवालात असतं. 1965-66 आणि 1966-67 ही दोन्ही दुष्काळी सालं, तेव्हा 305 लाख टनांच्या आसपास तांदूळ झाला होता. तिथून मोजलं की झेप दिसणारच. 1964-65 च्या 393 लाख टनांपासून मोजा: 1970-71 ला 422. तेवढ्याच काळात गहू 123 लाखांवरून 238 लाख टनांवर गेला. पहिली क्रांती गव्हाची होती. भाताची मोठी उडी 1980 च्या दशकातली, 536 वरून 743 लाख टन, आणि तिच्यात पश्चिम बंगालचा वाटा मोठा. तिथे उथळ कूपनलिकांच्या पाण्यावर हिवाळी-उन्हाळी बोरो भात पसरला. माझ्या मते अहवालात खरं वाचण्यासारखं हेच असतं, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही.

‘उत्पादन वाढलं’ एवढं लिहून सोडू नका, कशाने वाढलं ते वेगळं काढा. 1950-51 ला भाताखाली 308 लाख हेक्टर होते, 2020-21 ला सुमारे 458 लाख. म्हणजे क्षेत्र दीडपट. हेक्टरी उतारा 668 किलोंवरून 2717, म्हणजे चौपट. आणि खाणारी तोंडं? 1951 ला 36.1 कोटी लोक, माणशी 57 किलो तांदूळ. 2011 ला 121 कोटी, माणशी 79 किलो. यातून बियाणं, नासधूस, निर्यात वजा व्हायची आहे, तेव्हा ‘माणशी खप’ असं त्याखाली लिहू नका.

ताज्या वर्षाचा आकडा घेताना तो कितवा अग्रिम अंदाज (मंत्रालय टप्प्याटप्प्याने सुधारत जातं तो आगाऊ आकडा) आहे ते लिहून ठेवा. पहिला अंदाज येतो तेव्हा पिकं पुरती निघालेलीही नसतात.

राज्यांचे आलेख काढणाऱ्यांसाठी एक शेवटचं. एका मुलाने मध्य प्रदेशाच्या भात उत्पादनातला 2000 नंतरचा खड्डा बघून कीड, खतांची टंचाई आणि शेतकऱ्यांची उदासीनता यांवर पानभर लिहिलं होतं. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं आणि मध्य प्रदेशाचं धानाचं कोठार त्याच्याबरोबर गेलं. आंध्र प्रदेशाचा आलेख असाच तेलंगणामुळे 2014 ला तुटतो. दोन्ही राज्यांची बेरीज करून पुन्हा रेघ ओढा. छत्तीसगडमध्ये 2000 चा खरीप कोरडाच गेला होता, त्यामुळे बेरजेनंतरही थोडा खड्डा उरेल. तो मात्र खरा आहे.