गावात बसून फोनवर मानसिक उपचार कसे घ्यायचे: जुनं दुखणं आणि वर डिप्रेशन असणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी रेंज बघा. डॉक्टर कोण, फी किती हे सगळं नंतर, कारण आपल्याकडे कोकणात वाडी खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला आणि रेंज वर सड्यावर, आणि नेमकं मनातलं बोलायला सुरुवात केली की समोरच्याचा आवाज तुटतो, मग परत पहिल्यापासून सांगायचं त्राण उरत नाही. घरात कुठे उभं राहिलं, कुठल्या वेळेला, की कॉल सलग चालतो ते आधी मुंबईतल्या कुणाला तरी व्हिडिओ कॉल करून बघून ठेवा. व्हिडिओ नाहीच चालला तर साधा कॉल लावा, समुपदेशन नुसत्या आवाजावरही नीट होतं. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही तेव्हा फोन सकाळीच फुल चार्ज, आणि पहिल्याच दिवशी समोरच्या माणसाला सांगून टाका की कॉल कट झाला तर पुन्हा कोण लावणार, तुम्ही की ते. नाहीतर दोघंही एकमेकांना लावत बसता आणि बिझी टोन ऐकता.

दुसरं म्हणजे घरातले कान. जुन्या कौलारू घरात भिंती वरपर्यंत जात नाहीत, माजघरात बोललेलं पडवीत ऐकू येतं, आणि इअरफोन लावला तरी समोरच्याचं लपतं, तुमचं नाही. घर रिकामं असण्याची वेळ गाठा, किंवा सरळ कलमांच्या बागेत जा, रिक्षा किंवा गाडी असेल तर त्यात काचा लावून बसा. तेही जमत नसेल तर लिहून बोलण्याची सोय काही ठिकाणी मिळते. संधिवाताने बोटं आखडलेली असतील तर टाइप करत बसू नका, कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून देतो (मालवणीत बोललात तर मात्र काहीच्या बाही लिहितो, ते तेवढं बघा).

आता फोन कुणाला. माझं मत विचाराल तर पैसे भरायच्या आधी १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठी निवडता येते. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचं सांगतात. दर वेळी तोच माणूस फोनवर येईल असं मात्र नाही, ही तिची मर्यादा. म्हणून सुरुवात करायला आणि रात्री-बेरात्री जीव घाबरला तर १४४१६, आणि आठवड्याच्या आठवड्याला एकाच माणसाशी बोलायचं असेल तर वेगळा समुपदेशक शोधायचा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा आहे, ती फोनवर समुपदेशन देते. ई-संजीवनी ॲपवर सरकारी डॉक्टर फुकट भेटतात.

खाजगी बघायचा तर नाव नाही, नोंदणी बघा. गोळ्या फक्त डॉक्टर देऊ शकतो, आणि त्यातला मनाचा तज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलून उपचार करतो, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर मागा, खरा माणूस लगेच देतो, जो टाळाटाळ करतो त्याला तुम्ही टाळा. दहा-दहा सेशनचं पॅकेज एकदम घ्यायला लावणाऱ्या ॲपपासून लांब राहिलेलं बरं, पहिलं एक सेशन घ्या, जमतंय का बघा. मोबाईलवरचे ते गप्पा मारणारे बॉट आणि व्यायामाची ॲप वाईट आहेत असं नाही, पण डिप्रेशनसाठी नुसत्या ॲपपेक्षा मागे कुणीतरी माणूस विचारणारा असला की जास्त उपयोग होतो असं अभ्यासांतही दिसलंय. बॉटला गोळ्यांबद्दल तर अजिबात विचारू नका.

आता मुख्य काम, आणि यात लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. पहिल्या कॉलच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर आजार लिहा, किती वर्षं आहे ते लिहा, चालू असलेली प्रत्येक गोळी लिहा, इन्सुलिन, दुखण्याची गोळी, स्टेरॉइड, आयुर्वेदिक काढा, कुणी दिलेली मुळी, सगळं. लाजून लपवायचं नाही. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या आणि आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या एकत्र झाल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो, ट्रॅमाडॉल नावाच्या दुखण्याच्या गोळीबरोबर वेगळा त्रास होऊ शकतो, स्टेरॉइडने तर मूडच वरखाली होतो, किडनीचा आजार असेल तर काही औषधांचा डोसच बदलावा लागतो. स्क्रीनवरच्या डॉक्टरला तुमच्या डब्यातल्या गोळ्या दिसत नाहीत. पाकिटांचे फोटो काढून ठेवा, स्पेलिंगची कटकट नको. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन यांचे रिपोर्ट असतील तर तेही, कारण थायरॉइड कमी पडलं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच मरगळतो आणि सगळे म्हणतात मन खचलंय.

उलटही होतं. भूक नाही, झोप नाही, अंगात दम नाही, हे सगळं आजाराचंच आहे म्हणून सोडून दिलं जातं आणि आतलं डिप्रेशन तसंच राहतं. डायबेटीस असणाऱ्यांत डिप्रेशन इतरांपेक्षा साधारण दुप्पट दिसतं, म्हणजे हे काही जगावेगळं नाही. शरीराच्या तक्रारींतून कळत नसेल तर दुसरीकडे बघा: आधी आवडायचं ते आता नकोसं झालंय का, दशावतार लागला तरी उठून जावंसं वाटत नाही, नातवंडं आली तरी आत पडून राहावंसं वाटतं, आपण घरावर ओझं आहोत असं सारखं डोक्यात येतं. दोन आठवडे जवळजवळ रोज असं असेल तर सांगायलाच हवं. पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची यादी मराठीतही आहे, २७ पैकी गुण मिळतात, १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाशी बोलायचं. निदान मात्र त्यावर करायचं नाही, आणि शेवटच्या प्रश्नाला, जीव द्यावासा वाटतो का याला, हो असं उत्तर असेल तर एकूण गुण कितीही कमी असूद्यात, त्याच दिवशी बोला.

सेशनची वेळ आजाराच्या हिशोबाने मागा, समुपदेशकाच्या सोयीने नाही. संधिवातवाल्यांचे सकाळी सांधे आखडलेले असतात तेव्हा दुपारची घ्या. डायलिसिस असेल तर त्या दिवशी ठेवूच नका, चार-चार तास मशीनला लागून आल्यावर माणूस बोलायच्या अवस्थेत नसतो, दुसऱ्या दिवशी घ्या. डायबेटीसवाल्यांनी उपाशी बसायचं नाही, कारण साखर खाली गेली की घाम, थरथर, छातीत धडधड असं सगळं होतं आणि ते घाबरल्यासारखंच वाटतं, तेव्हा आधी ग्लुकोमीटर लावा मग मनाचं बघा. पाऊण तास बसवत नसेल तर वीस मिनिटांची दोन सेशन मागता येतात, आडवं पडून बोलायलाही काही हरकत नाही.

आणि पथ्याचं दुःख पण सांगा हो. किडनीच्या पेशंटला नारळाचं पाणी बंद, सुकट आणि खारवलेले मासे बंद, डायबेटीसमध्ये हापूस मोजून. दारात माड आणि आपण शहाळं प्यायचं नाही, हे घाटावरच्या समुपदेशकाला आपोआप समजणार नाही, त्याला ती साधी डाएट शीट वाटते. जेवणावरून रोज घरात भांडण होत असेल तर तेच सेशनमध्ये काढा.

गोळ्या सुरू झाल्या तर धीर धरा. असर दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, आणि मळमळ, अस्वस्थपणा असला त्रास मात्र आधी सुरू होतो, त्यामुळे लोक पाचव्या दिवशी बंद करतात. मनाने बंद करायच्या नाहीत, बरं वाटलं तरी पुढे निदान सहा महिने तरी बहुतेक वेळा चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू कमी करतात. ऑनलाइन चिठ्ठी पीडीएफमध्ये येते, त्यावर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असायला हवा, प्रिंट काढून मेडिकलवाल्याकडे द्या. झोपेच्या, शांत करणाऱ्या काही गोळ्यांना कायद्याचं बंधन आहे, डॉक्टर नाही म्हणाले तर ते बरोबर वागतायत असं समजा. गावच्या मेडिकलमध्ये या गोळ्या नेहमी नसतात, म्हणून पाऊस जोरात सुरू व्हायच्या आधी, घाट बंद पडायच्या आधी, महिन्याचा साठा मागवून ठेवा.

घरच्यांचं काय. आमच्या काकीला संधिवात, तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाली, "माका काय वेड लागलेला नाय." बरोबर आहे, नाहीच लागलेलं. वादात पडू नका, "सांध्यांसाठी जसं डॉक्टरला दाखवतो तसंच झोप लागत नाही म्हणून बोलून बघ" एवढंच म्हणा. घरात कुणी बाहेरचं लागलंय म्हणून गाऱ्हाणं घालायचं म्हणालं तर घालू द्या, देवाला आणि डॉक्टरला एकमेकांचा काही त्रास नाही, फक्त गोळी त्या दिवशीही चुकायची नाही. मुंबईचा मुलगा फी भरतो, अपॉइंटमेंट घेतो, छान आहे, पण सेशन आईचं असतं, त्याने मागे बसून ऐकायचं नाही आणि नंतर "काय म्हणाली" असं समुपदेशकाला विचारायचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटच्या गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे, जिवाला धोका असण्यासारख्या मोजक्या कारणांसाठीच तो बाजूला ठेवतात.

समुपदेशक काहीतरी करायला सांगतो, घरचा अभ्यासच म्हणा, रोज थोडं काम, मन नसलं तरी. हे चांगलं आहे पण आजार असलेल्या माणसाने मापात करायचं. बरं वाटलं त्या दिवशी लोक सगळं अंगण सारवून काढतात आणि पुढचे दोन दिवस पडून राहतात. जेवढं जमेल वाटतं त्याच्या अर्धं करा, अबोलीला पाणी घालणं, सोलं वाळत घालणं, खळ्यात दोन फेऱ्या, बस्स. गणपतीच्या महिनाभर आधीच समुपदेशकाशी बोलून ठरवून घ्या की पाहुण्यांच्या गर्दीत कुठलं काम तुमचं आणि कुठलं जावेचं, कारण त्या दिवसांत कुणी तुम्हाला बस म्हणणार नाही.

पेशंटांचे व्हॉट्सॲप ग्रुप धीर देतात, पण दर ग्रुपात एक जण तरी किडनी बरी करणारी पावडर विकत असतो. ग्रुपमधला सल्ला वाचून औषध बदलायचं नाही, रात्री म्यूट करून झोपायचं.

ऑनलाइनने भागत नाही अशी वेळ पण असते. जीव द्यायचा विचार येत असेल, कसा द्यायचा तेही मनात ठरलं असेल, जेवणखाण पूर्ण थांबलं असेल, कानात आवाज ऐकू येत असतील तर पुढच्या सेशनची वाट बघायची नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, १४४१६ लावायचा, धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. आंब्या-काजूवर मारायची औषधं पडवीतून उचलून कुलूपबंद किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा, इन्सुलिन आणि गोळ्यांचा साठा घरातल्या एका माणसाने सांभाळावा आणि रोजचा डोस तेवढाच द्यावा. ज्याच्याबद्दल काळजी वाटते त्याला "जीव द्यावासा वाटतो का" असं सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही. रत्नागिरीचं मनोरुग्णालय म्हटलं की लोक अजून कुजबुजतात, कुजबुजू दे, ते सरकारी आहे आणि तिथे तज्ज्ञ आहेत.

आणि समुपदेशक जमला नाही तर बदला. तीन-चार सेशननंतरही तो तुमच्या आजाराचं नाव विसरत असेल, नुसतं "पॉझिटिव्ह राहा" म्हणत असेल, तर फोन करून सांगायचं की मला दुसरं कुणी हवंय, कारण द्यायची गरज नाही. तुमचा तो औषधांचा कागद नव्या माणसाला आधी पाठवा म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.