नाशकात पावसाळा खरंच सरला का, हे कसं ओळखावं

सप्टेंबरात चार दिवस कोरडे गेले की नाशकात 'पाऊस गेला' सुरू होतं. कोणी गच्चीवरचं प्लास्टिक काढतं, कोणी गोधड्या वाळत घालतं, आणि निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीच्या तारखा धरल्या जातात. आठवडाभरात पुन्हा झोडपून काढणारा पाऊस येतो आणि हवामान खात्याला शिव्या पडतात. चूक खात्याची नसते. आकाश निळं दिसणं ही ऋतू पालटल्याची खूण नाही, हे एकदा पक्कं समजून घ्या.

कधीपासून बघायचं

सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हापासून, म्हणजे 27 सप्टेंबरच्या आसपास. त्याआधीची उघडीप मोजूच नका. मोसमी वारे परत फिरण्याची सर्वसाधारण तारीख पश्चिम राजस्थानातच 17 सप्टेंबर आहे. तिथून आपल्यापर्यंत यायला ऑक्टोबर उजाडतो.

काय बघू नये

गंगेचं, म्हणजे गोदावरीचं पाणी. रामकुंड निवळलं, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पायापर्यंत कोरडी झाली, म्हणून लोक पावसाळा संपवून टाकतात. पण गोदावरीची पातळी पावसाइतकीच गंगापूर धरणाच्या दरवाजांवर चालते. विसर्ग थांबला की भर पावसाळ्यातही पाणी उतरतं, आणि धरण भरलेलं असेल तर ऑक्टोबरातल्या एका सरीनंतरही विसर्ग होऊ शकतो. पूर किती आला हे सांगायला मारुती उत्तम आहे. ऋतू त्याला विचारू नका.

सोनकी आणि तेरडाही नको. अंजनेरी, ब्रह्मगिरीचे उतार पिवळे-गुलाबी झालेले बघायला जरूर जा, पण ही फुलं पावसातच फुलतात.

उघडीप की माघार

सगळी गोम इथे आहे. मला स्वतःला हा फरक कळायला बरेच पावसाळे जावे लागले, कारण मी वर बघत होतो आणि बघायला हवं होतं ढगांच्या चालीकडे.

पावसाळ्यात खालचे ढग पश्चिमेकडून येतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूने निघून शहरावरून निफाडकडे धावतात. उघडीप पडते तेव्हा पाऊस थांबतो, ऊन पडतं, पण हा वारा थांबत नाही. पांढऱ्या ढगांचे तुकडे त्याच दिशेने, त्याच घाईने जात राहतात. असे ढग दिसत असतील तर ऊन कितीही कडक असो, पावसाळा अजून मुक्कामाला आहे. प्लास्टिक राहू द्या.

माघार सुरू होते तेव्हा आधी वारा पडतो. सकाळ निवांत, दुपारी उकाडा, आणि तीन-चारच्या सुमाराला सिन्नर-निफाडच्या अंगाला ढगांचे उंच डोंगर चढायला लागतात. हे ढग पूर्वेकडून शहरावर येतात, गडगडतात, तासभर कोसळतात आणि संध्याकाळी आकाश मोकळं करून जातात. परतीचा पाऊस तो हा. सप्टेंबरातल्या प्रत्येक सरीला परतीचा पाऊस म्हणणं सोडा. विजा नाहीत, दिवसभर रिपरिप आहे आणि ढग त्र्यंबककडून येताहेत, तर तो साधा पावसाळाच आहे.

वाऱ्याची दिशा घाटावर उभं राहून बघू नका. नदीच्या खोलगट भागात आणि इमारतींच्या गल्लीत वारा वाटेल तसा वळतो. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढा, नाहीतर आजूबाजूला उंच इमारत नसलेली गच्ची शोधा. तिथेही अंगाला लागणाऱ्या वाऱ्यापेक्षा सर्वांत खालच्या ढगावर विश्वास ठेवा. विजेच्या खांबाच्या किंवा देवळाच्या कळसाच्या रेषेत ढग धरा आणि तो कुठे सरकतो ते पाहा. फार वरचे पिसासारखे ढग मोजायचे नाहीत. त्यांची चाल वेगळी असते आणि नवख्या माणसाला तेच हमखास फसवतात.

दुसरी कसोटी दव. हिच्यावर माझा ढगांपेक्षाही जास्त भरवसा आहे. दव पडायला तीन गोष्टी एकाच रात्री जुळाव्या लागतात: आकाश मोकळं, वारा पडलेला, हवेत आणि जमिनीत ओल. पावसाळ्यातल्या उघडिपीत ओल भरपूर असते, पण रात्री ढग परत दाटतात किंवा वारा वाहत राहतो, म्हणून दव क्वचितच धरतं. मोसमी वारे माघारी गेले की जमीन अजून भिजलेली असते आणि रात्री आकाश उघडं असतं. दिवसभराची उष्णता वर निघून जाते, गवताची पाती गार पडतात आणि पहाटे ओथंबतात. सूर्य उगवायच्या आत उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावरून बोट फिरवा. झाडाखालची किंवा छपराखालची गाडी चालणार नाही. एका दिवसाचं दव धरू नका. ओळीने तीन-चार सकाळी टप ओला आणि दुपारचे ढग पूर्वेचे, असं झालं की माघार पक्की समजा. हवामान खातंही माघार जाहीर करताना पाच दिवस पाऊस नसणं आणि हवेतली आर्द्रता घटणं बघतं. एका निळ्या दुपारीवर तेही निकाल देत नाहीत.

द्राक्षवाल्यांसाठी हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. बागलाणातल्या अर्ली, म्हणजे लवकर छाटणी घेणाऱ्या बागा हा धोका समजून-उमजून पत्करतात. पण निफाड-दिंडोरीत ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यात आली, म्हणजे कोवळे फुटवे निघाले आणि वर पाऊस आला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती, फुलोऱ्यात आला की घडांची कूज आणि गळ. छाटणी कधी घ्यायची ते बागाईतदाराला मी सांगणार नाही, त्याची मजुरांची आणि बाजाराची गणितं असतात. मात्र 'चार दिवस ऊन पडलंय' या एका कारणावर कात्री चालवू नका, हे हात जोडून सांगतो.

ऑक्टोबर हीट

पारा 32 अंशांच्या आसपास जातो, अंग चिकचिकतं आणि लोक म्हणतात की उन्हाळा परत आला. तसं काही नसतं. ढगांची सावली गेली आणि ओली जमीन तापून वाफ सोडते आहे, एवढंच. या दिवसांत दुपार विसरा, पहाट आणि दुपार यांतलं अंतर बघा. ते रोज वाढत गेलं की थंडीची वाट मोकळी झाली.

पहाटेची खूण

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहाटे पाचला दक्षिणेकडे बघा. व्याध या सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या बरंच खाली, क्षितिजापासून थोडा वर एक ठळक तारा दिसेल. तो अगस्ती. अगस्ती उगवला की पाणी निवळतं अशी जुनी समजूत आहे. तारा तर दरवर्षी ठरलेल्या वेळीच उगवतो. तुमच्या कामाचं हे आहे की दक्षिण क्षितिजालगतचा तारा सलग काही पहाटे स्वच्छ दिसला, तर हवेतला दमटपणा आणि ढग खरोखर हटले आहेत. शहराचा उजेड आड येत असेल तर गंगापूर धरणाच्या बाजूला जा.

पक्षी

करडा धोबी हा हिवाळी पाहुणा सप्टेंबरातच नदीकाठी शेपूट हलवत दिसू लागतो. पोटाखाली पिवळा असतो. पांढऱ्या भुवईचा काळा-पांढरा मोठा धोबी बारमाही इथलाच आहे, त्याला बघून नोंद करू नका. मैदानावर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, त्यांतल्या एका जातीचे चतुर याच दिवसांत समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे निघतात. थापट्या आणि तलवार बदकं मोठ्या संख्येने बघायची तर नोव्हेंबरात नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी-कादवा संगमावरचा हा जलाशय 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाला. सकाळी लवकर पोहोचा, उन्हं चढली की पक्षी लांब पाण्यात सरकतात. त्या वेळी निफाडची थंडीही सुरू झालेली असते, तेव्हा अंगात काहीतरी उबदार घालून निघा.