फोटो टाकण्याआधी मागची भिंत बघा

भोसरी एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवून देण्याचं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक सीएनसी टर्निंग (तसाच लेथ), मी आणि बाबा धरून अकरा माणसं. बाबांनी एका सेकंडहँड लेथवर सुरुवात केली, 2019 पासून कारभार मी बघते. लिंक्डइनवर मी आले ती लॉकडाऊननंतर. आमचं अर्ध्याहून जास्त काम एकाच कस्टमरकडून यायचं आणि त्यांचे पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) अचानक थांबले. नवीन ओळखी काढणं भाग होतं. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून नव्याने धंद्यात उतरलेल्यांसाठी हे लिहितेय. खातं कसं उघडायचं, पेज कसं बनवायचं हे तुम्हाला येतं. त्यात वेळ घालवत नाही.

मी केलेली चूक आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे.

पहिले तीन-चार महिने माझ्या पोस्टकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. एका शनिवारी संध्याकाळी एक अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग (आतले भाग बसवायचं कवच) मशीनवरून उतरलं. आतल्या बाजूला पातळ रिब्स (आधाराच्या पट्ट्या) आणि बोअरची (गोल भोकाची) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, इतकी कडक की आमच्या ऑपरेटरने सलग दोन दिवस त्यावर डोकं लावलं होतं. कूलंट पुसून त्याने पार्ट ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवला. ट्यूबलाइटच्या उजेडात तो असा चमकत होता की मला राहवलं नाही. फोटो काढला, दोन ओळी लिहिल्या, टाकला. रविवारभर लाइक येत राहिले. मी खूश होते.

सोमवारी सव्वानऊला त्या पार्टच्या कस्टमरच्या परचेसमधून (खरेदी विभागातून) फोन. "मॅडम, ती पोस्ट आधी काढा. मग बोलू."

मागे, मशीनच्या दारावर मॅग्नेटने लावलेलं ड्रॉइंग फोटोत आलं होतं. मोबाइलवर ते पांढऱ्या कागदासारखं दिसतं, पण झूम केलं की उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक स्वच्छ वाचता येतो. कंपनीचं नाव, पार्ट नंबर, रिव्हिजन, प्रोजेक्टचं नाव. आणि ते प्रोडक्ट अजून बाजारात आलेलंच नव्हतं. लाइक करणाऱ्यांत त्यांच्या स्पर्धक कंपनीचा एक डिझाइन इंजिनिअरही होता.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण "ड्रॉइंग दिसणार नाही असा क्रॉप करायचा" एवढाच धडा मी तेव्हा घेतला होता आणि तो अपुरा आहे. ड्रॉइंग नसतं तरी चूक चूकच होती. जाणकार माणसाला नुसत्या पार्टवरून पुष्कळ कळतं. माउंटिंगची भोकं किती आणि कुठे, बोअर साधारण केवढा, रिब्स कोणत्या दिशेने. त्यावरून आत काय बसणार आहे याचा अंदाज तो बांधतो. दुसरं म्हणजे पेटंट. अर्ज करण्याआधीच वस्तू जगासमोर आली, तर ती "नवीन" राहिली का, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या एका फोटोने कुणाच्या दोन वर्षांच्या कामाला धक्का लागू शकतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिसरं म्हणजे एनडीए, गुप्तता पाळण्याचा करार. वेंडर (पुरवठादार) रजिस्ट्रेशनच्या वेळी जीएसटी सर्टिफिकेट आणि कॅन्सल चेकबरोबर बाबांनी तो सही करून दिला होता आणि तो फाइलमध्ये पडून होता. मी तो पहिल्यांदा वाचला त्या सोमवारी. ते आमचे कस्टमर आहेत हे सांगायलाही लेखी परवानगी लागेल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे वेबसाइटवर त्यांचा लोगो टाकणंसुद्धा बसत नव्हतं, आणि तो आम्ही टाकलेला होता.

पोस्ट काढली, लोगो काढला, लेखी माफी पाठवली, बाबांना घेऊन प्रत्यक्ष जाऊन भेटले. ते सभ्यपणे बोलले. वेंडर कोड बंद केला नाही. पण पुढचे पाच महिने त्यांच्याकडून एकही एन्क्वायरी आली नाही आणि ते हाउसिंग दुसरीकडे गेलं. ज्या ऑपरेटरने ते काम जमवलं होतं, त्याचा ओव्हरटाइम त्याच महिन्यात थांबला. हे मला अजून टोचतं. पोस्ट काढता येते, कुणी घेतलेला स्क्रीनशॉट काढता येत नाही.

हे वाचून पोस्ट टाकायलाच घाबरू नका. दाखवण्यासारखं तुमच्याकडे भरपूर आहे, फक्त ते तुमचं स्वतःचं असलं पाहिजे. आम्ही 6061 ग्रेडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या उरलेल्या तुकड्यातून एक डेमो पीस बनवला. पातळ भिंत, खोल पॉकेट, तिरकं भोक, थ्रेड, सगळं एकात. डिझाइन आमचंच. त्याचे फोटो बिनधास्त टाकतो, भिंतीची जाडी आणि सायकल टाइम (एक नग बनायला लागणारा वेळ) लिहून. कस्टमरचा पार्ट दाखवायचाच असेल तर त्यांच्याकडून ईमेलवर होकार घेतो. फोनवरचं "हो, टाका" मी धरत नाही. आणि फोटो काढण्याआधी मागची भिंत, टेबलावरचं डिलिव्हरी चलान, ट्रेला बांधलेला टॅग, इन्स्पेक्शन रिपोर्ट, चालू असलेली कॉम्प्युटरची स्क्रीन, सगळं बघतो.

हीच गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसची. तुम्ही जपाल, पण मशीनवरची मुलं रील काढतात. त्यांच्यावर ओरडू नका. स्वतःच्या हातचं काम दाखवावंसं वाटणं यात काही वाईट नाही. आम्ही सगळ्यांना बसवून त्या जुन्या पोस्टमधला फोटो दाखवला, झूम करून टायटल ब्लॉक वाचायला लावला. त्यानंतर वेगळा नियम लिहावा लागला नाही. डेमो पीस त्यांच्यासाठी बाहेरच ठेवलेला असतो.

पर्सनल ब्रँडिंगच्या शिकवण्यांबद्दल माझं मत कडक आहे. मी एकीला पैसे भरले होते. रोज पोस्ट करा, पहिली ओळ धक्का देणारी लिहा, एकमेकांच्या पोस्टवर कमेंट करणाऱ्या ग्रुपमध्ये या. त्या ग्रुपमधून मला मिळाले ते इतर शिकवणीवाले, कस्टमर एकही नाही. आपोआप कनेक्शन पाठवणारी टूल्स तर वापरूच नका. लिंक्डइनच्या नियमात ती बसत नाहीत आणि खात्यावर बंधन येतं. मला खरी वाट दाखवली ती बाबांच्या ओळखीतल्या एका निवृत्त क्वालिटी मॅनेजरने, चहा पिता पिता. ते म्हणाले, "परचेसवाल्याच्या मागे सगळेच लागतात. तू डिझाइनवाल्याशी बोल." पटलं. पार्ट कसा बनणार हे पीओच्या किती तरी आधी डिझाइनच्या टेबलावर ठरतं. तिथल्या माणसाला "एवढी बारीक आतली रेडियस ठेवली तर लहान कटर लागेल, वेळ वाढेल" असं काही उपयोगाचं सांगितलं, की तो तुम्हाला लक्षात ठेवतो.

नावाखालच्या ओळीत 220 अक्षरं मिळतात, ती मोठमोठ्या शब्दांत घालवू नका. माझ्या ओळीत मशीन, मटेरियल, किती नगांपर्यंतचं काम घेतो आणि भोसरी एवढंच आहे. शोधणारा हेच शब्द टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर फार भिस्त ठेवू नका. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. अनोळखी नंबरांवर रेट पाठवत सुटलात तर नंबरच बंद होऊ शकतो, आणि तोच नंबर बिलांवर छापलेला असेल तर काय होईल याचा विचार करा.

ऑनलाइन आलेल्या एन्क्वायरीने हुरळून जायचं नाही. आधी जीएसटी नंबर मागा आणि पोर्टलवर टाकून बघा. फुकट आहे, मिनिटभराचं काम. 15 अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. समोरचा पुण्याचा म्हणवतो आणि नंबर भलत्याच राज्याचा निघाला, तर विचारा. वेंडर रजिस्ट्रेशनची फी मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

लिंक्डइनवरून आमची पहिली ऑर्डर आली ती सातव्या महिन्यात, 40 नगांची. तुम्हालाही वेळ लागेल. चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळं फुकट चाललंय असं वाटतं, मलाही वाटलं होतं, रात्री झोप लागत नव्हती. त्या दिवसांतच माणूस काहीतरी भारी दाखवायच्या नादात कस्टमरचा पार्ट टाकून बसतो. तेव्हा जपा.

गेल्या आठवड्यात एका डिझाइन इंजिनिअरचा मेसेज आला. डेमो पीसची 1.2 मिमीची भिंत थरथर न येता कशी काढली, म्हणून विचारत होता. मी ऑपरेटरला शेजारी बसवून उत्तर लिहिलं. सोमवारी त्याचं ड्रॉइंग येणार आहे. एनडीए आजच आलाय, आणि या वेळी तो सही करण्याआधी मी आणि बाबा दोघंही वाचतोय.