ब्लू-रेसाठी कॉमेंट्री कुणाकडून घ्यायची: आधीची चौकशी

अमेरिका-ब्रिटनमधली छोटी ब्लू-रे लेबलं, म्हणजे चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या कंपन्या, कॉमेंट्री (चित्रपट चालू असताना ऐकू येणारं भाष्य), लेख, मुलाखती बाहेरच्या अभ्यासकांकडून घेतात. त्यातल्या कुणावर गैरवर्तनाचा आरोप आहे का, याची चौकशी करार होण्याआधीच करावी. नाव, जुनी टोपणनावं, आधीच्या संस्था आणि महोत्सव शोधा. सापडलेल्या गोष्टींचे ढीग वेगळे ठेवा: न्यायालयाचा निकाल, संस्थेची चौकशी, नावानिशी केलेला आरोप, निनावी कुजबुज. चौथ्या ढिगावरून कुणाला काढू नका, पण तो फेकूनही देऊ नका. त्या अभ्यासकालाच थेट विचारा.

करारात तीन गोष्टी हव्यात: माहिती लपवली नसल्याची लेखी हमी, काम न वापरता मानधन देऊन मोकळं होण्याचा हक्क आणि नाव वगळण्याचा हक्क. तिसरी हमखास विसरली जाते.

खरा घोळ जागेचा नाही, वेळेचा. १०० मिनिटांची कॉमेंट्री १९२ केबीपीएसने जेमतेम १४४ एमबी, ५० जीबीच्या डिस्कवर किरकोळच. पण मास्टर (ज्यावरून डिस्क छापतात ती मूळ प्रत) कारखान्यात गेल्यावर कॉमेंट्री काढायची तर ऑथरिंग (डिस्कवरच्या सामग्रीची जुळणी), मेनू, तपासणी, नवा मास्टर, सगळं पुन्हा. शिवाय वेष्टन आणि पुस्तिकेवर नाव छापलेलं असतंच. म्हणून प्री-ऑर्डरच्या घोषणेआधी नावं पुन्हा एकदा तपासा.

डिस्क विकल्या गेल्या असतील तर पुढच्या आवृत्तीत बदल करा. जाहीर निवेदनात आरोपाची पुनरुक्ती नको, ‘यापुढे सोबत काम करणार नाही’ एवढंच पुरे. कारण इंग्लंडमध्ये बदनामीच्या दाव्यात विधान खरं असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी विधान करणाऱ्यावर येते.