किट कारचा प्रोपेलर शाफ्ट: क्रॉस बदलायचा की अख्खा शाफ्ट?

इंग्लंडमध्ये ऑटोमोबाइल शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींना माझा आग्रह असतो, की सुट्टीच्या दिवशी एखाद्या किट कारवाल्याच्या (सुटे भाग घेऊन स्वतः गाडी जोडणाऱ्याच्या) गॅरेजमध्ये हाताखाली राहा. कामाची निवड तुमच्या हातात असेल, तर प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळीचं, काम मागून घ्या. इंजिनाकडे सगळेच धावतात. पण मोजमाप, कोन, बेअरिंग आणि बॅलन्सिंग एकाच भागात शिकायला मिळतं ते इथेच.

किट कारचा शाफ्ट वेगळा का, हे आधी समजून घ्या. १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांत विकली जायची, कारण तशी घेतली तर खरेदी कर लागत नसे. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली, पण गाडी स्वतः बांधायची हौस टिकली. आज सेव्हनच्या घाटाच्या कितीतरी गाड्यांत फोर्ड सिएराचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (शाफ्टची फिरकी मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा संच) सापडतात. सिएराचा मूळ शाफ्ट लांब, दोन तुकड्यांचा, मध्ये बेअरिंग असलेला. सेव्हनमध्ये तेवढी जागाच नसते, म्हणून तो कापून आखूड करतात किंवा नवा बनवून घेतात. त्यामुळे गाडीचं नाव सांगून पार्ट मागायची सोय नाही. जे बसवलंय ते काढायचं, मोजायचं आणि मगच पैसे खर्च करायचे.

शाफ्टवर संशय कधी घ्यायचा? क्लच सोडताना खालून ‘टक्’ आवाज येतो, हळू चालवताना चूं-चूं ऐकू येतं, किंवा ठरावीक वेगाला सीटखाली थरथर जाणवते. थरथर असेल तर वेग तोच ठेवून गिअर बदला. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर त्याच वेगाला राहिली, तर बहुधा दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. मग चाक की शाफ्ट? इथे थोडं गणित करा. टायरचा घेर १.८ मीटर आणि डिफरन्शियलचा रेशो ३.६२ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.६२ फेरे) धरला, तर ताशी ७० मैलांना चाक मिनिटाला हजाराच्या आसपास फिरतं आणि शाफ्ट पावणेचार हजारांच्या. चाकाची थरथर जाड, संथ असते. शाफ्टची बारीक, गुणगुणल्यासारखी.

गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका. स्टँड लावा, पुढच्या चाकांना अडण द्या. शाफ्ट सोडवण्याआधी फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि स्प्लाइनवर (एकमेकांत सरकणाऱ्या दातांवर) पंचने खुणा करा, म्हणजे परत बसवताना तो होता त्याच जागी बसेल. गिअरबॉक्सच्या शेपटातून योक (शाफ्टच्या टोकाचा दोन हातांचा काटा) बाहेर ओढला की तेल येतं, तेव्हा खाली ट्रे हवाच.

आता क्रॉस, म्हणजे दोन योक जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, हातात धरून हलवा. चांगला क्रॉस चारही बाजूंना सारखा, किंचित जड वळतो. जरासा खडखडला, मध्येच अडकला किंवा कपाच्या (क्रॉसच्या टोकावरच्या टोपीच्या) कडेला तांबूस भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस संपून नीडल (कपातले सुईसारखे बारीक रोलर) गंजलेत. कप लॉकने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) धरलेले असतील तर क्रॉस घरी बदलता येतो. व्हाइसमध्ये एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप मावेल असा मोठा, आणि सावकाश दाब. नवा क्रॉस घेताना कपाचा व्यास आणि दोन समोरासमोरच्या कपांमधली बाहेरून बाहेर लांबी व्हर्नियरने मोजून न्या.

नवा कप बसवताना सगळं लक्ष नीडलवर. ते फक्त ग्रीसच्या आधारावर भिंतीला उभे असतात. कप तिरपा गेला की एखादा नीडल आडवा पडून तळाशी बसतो. मग कप शेवटपर्यंत जात नाही आणि लॉक खाचेत शिरत नाही. अशा वेळी हातोडी मारू नका. कप बाहेर काढा, नीडल उभा करा, पुन्हा बसवा. लॉक बसल्यावर क्रॉस फारच घट्ट वाटला, तर योकवर मऊ हातोडीने हलका ठोका द्या. कप बाहेरच्या बाजूला लॉकला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो.

सिएराच्या मूळ क्रॉसला मात्र लॉक नसतात, कप योकचीच कड ठेचून पक्के केलेले असतात. ते घरी उघडण्याच्या फंदात पडू नका. नळीला पोचा असेल, स्प्लाइन ढिली असेल किंवा लांबी बदलायची असेल, तरी सरळ शाफ्टवाल्या वर्कशॉपमध्ये द्या. नळी घरी कापून वेल्ड करणं मला साफ नामंजूर आहे. सेव्हनमध्ये शाफ्ट दोन सीटच्या मधल्या बोगद्यात, तुमच्या कमरेला लागून फिरतो. सुटला तर पत्र्याचा भरवसा नाही. शाफ्टला वेढणारी लोखंडी कडी नसेल, तर याच कामात बसवून घ्या.

क्रॉस लवकर गेला असेल, तर कोन तपासल्याशिवाय नवा टाकू नका. कोनात फिरणारा एक क्रॉस प्रत्येक फेऱ्यात शाफ्टला दोनदा वेगवान आणि दोनदा संथ करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक पुसतो, पण त्यासाठी नळीवरचे दोन्ही योक एका पातळीत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. गाडीत माणसं बसल्यावर जेवढी दबते तेवढी दाबून कोनमापक गिअरबॉक्सच्या आणि डिफरन्शियलच्या फ्लँजवर लावा. फरक असेल तर गिअरबॉक्सच्या माउंटखाली पट्टी घालून तो जुळवता येतो. अगदी सरळ रेषेतला शाफ्टही बरा नाही; थोडा कोन असेल तरच नीडल फिरतात, नाहीतर एकाच जागी ठोके खाऊन खळगे पाडतात. ही मापं आणि फोटो वहीत ठेवा. मुलाखतीत ‘प्रॅक्टिकल काय केलंय?’ विचारलं की हीच पानं समोर ठेवता येतात.

बसवताना फ्लँजचे बोल्ट हायटेन्सिलच (जास्त ताण सोसणारे), नट नवे. ग्रीस निपल असेल तर ग्रीस गन पोचेल अशा बाजूला ठेवा. गिअरबॉक्सचं तेल भरून घ्या. पहिली फेरी जवळची मारा, परत येऊन बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आणि मगच हायवेवर न्या.