सीमेच्या दोन्ही बाजूंचा ऊसदर: शोधप्रकल्प कसा करावा

बेळगाव, चिक्कोडी, निपाणी भागातली एम.कॉम., अर्थशास्त्र किंवा कायद्याची मुलं प्रकल्पासाठी ‘भारतीय साखर उद्योग: समस्या आणि उपाय’ यासारखा विषय घेतात. एवढा मोठा विषय एका विद्यार्थ्याच्या हातून होत नाही. शेवटी पुस्तकांतून उतरवलेली पानं तेवढी जमा होतात. आपल्या भागात मात्र अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि कायदा तिन्ही एकत्र यावेत असा प्रश्न शिवारातच उभा आहे. दूधगंगा आणि वेदगंगेच्या पाण्यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत ऊस पिकतो. जमीन तीच आणि पाऊसही तोच. राज्य, कारखाना आणि काही नियम तेवढे वेगळे.

प्रश्न एका वाक्यात बसवा

‘ऊस उत्पादकांची स्थिती’ हा प्रश्न होत नाही. प्रश्न असा हवा: कर्नाटकातल्या निपाणी आणि महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यांतल्या सीमेलगतच्या गावांत २०२५-२६ च्या गळीत हंगामात शेतकऱ्याच्या हातात टनामागे किती रुपये पडले, आणि ऊस गेल्यावर किती दिवसांनी? यात जागा, काळ, माणूस आणि मोजमाप चारही गोष्टी आल्या. यातली एक जरी गळली तरी पुढे सर्वेक्षणात गोंधळ होतो.

इथे एक मेख आहे. ऊस सीमा ओलांडतो. कर्नाटकातल्या गावचा ऊस महाराष्ट्रातल्या कारखान्याला जातो आणि तिकडचा इकडे येतो. म्हणून तुलना गावांची करायची नाही, ऊस कुठल्या बाजूच्या कारखान्याला गेला त्याची करायची. शिवाय कारखाना बहुतेकदा शेतकरीच निवडतो. कुणी सभासद असतो, कुणाची ऊसतोडीची टोळी ठरलेली असते, कुणाला लवकर तोड हवी असते. ही निवडीची कारणं विचारली नाहीत, तर दरातला फरक राज्यामुळे की शेतकऱ्यांमधल्या फरकामुळे हे कळणारच नाही.

आधी कायदा वाचा

सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मुळातून वाचा. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला किमान द्यायचा ‘रास्त आणि किफायतशीर दर’, केंद्र सरकार याच आदेशाखाली ठरवतं. ऊस पुरवल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज द्यावं, हेही त्यातच आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरले. उतारा दर ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३.४६ रुपये जास्त. उतारा ११.२५ असेल तर टनाला ३,८९६ रुपये होतात. हा दर कारखान्याच्या दारातला आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा झाल्यावर उरतं ते शेतकऱ्याचं. वर्तमानपत्रात दोन कारखान्यांचे दर शेजारी छापलेले असतात, तेव्हा एक वजावटीआधीचा आणि दुसरा नंतरचा असू शकतो. हे तपासल्याशिवाय एकही आकडा तक्त्यात घेऊ नका.

दोन्ही राज्यांनी २०१३ साली ऊसदराबाबत आपापले कायदे केले, ते समोरासमोर ठेवून वाचा. न्यायनिर्णयांसाठी सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर संकेतस्थळ मोफत आहे. एफआरपी हप्त्यांत देण्याची मुभा देणारा महाराष्ट्र शासनाचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला. असा निकाल बातमीवरून उद्धृत करू नये, मूळ प्रत वाचावी. निकालाविरुद्ध पुढे काय झालं, तेही तपासावं.

जुने आकडे

शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आधीचे प्रबंध पाहा. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे आणि पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. दोन्हीकडे या विषयाचं साहित्य मिळण्याची शक्यता जास्त. सरकारी कार्यालयातली माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, तेव्हा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा.

नमुना कसा निवडाल

पाच गावांत वीस-वीस शेतकरी गाठले की शंभर झाले, असं वाटतं. प्रत्यक्षात एका गावातले शेतकरी बहुधा एकाच कारखान्याला ऊस घालतात आणि त्यांची उत्तरं सारखीच येतात. त्यापेक्षा वीस गावांतले पाच-पाच शेतकरी घ्या. फिरावं जास्त लागेल, पण माहिती कितीतरी पटीने खरी मिळेल. गावातली नावं यादीतून चिठ्ठ्या टाकून काढा. पाटलांच्या ओळखीने भेटलेल्यांवर थांबलात तर मोठे बागायतदारच पदरात पडतात आणि पाऊण एकरवाला सुटून जातो. आणि याच प्रश्नात त्याचं काय होतं, हे सर्वांत महत्त्वाचं आहे.

शेतकऱ्यापुढे बसताना

दर तोंडी विचारू नका. बिलाची पावती आणि पासबुक दाखवायची विनंती करा. वजन, दर, तोडणी-वाहतूक, सोसायटीच्या कर्जाची कपात आणि पैसे जमा झाल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. सोसायटीची कपात हे शेतकऱ्याचंच कर्ज फेडणं आहे, ती दरातून वजा करायची नाही. नवी लागण की तोडलेल्या उसाच्या खुंटांतून फुटलेला खोडवा, वाण कोणता, तोड कोणत्या महिन्यात झाली, हेही विचारा.

क्षेत्राची नोंद घेताना जपा. कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावर एकर-गुंठे असतात आणि महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. कर्नाटकातलं ‘२-२०’ म्हणजे दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. संगणकात २.२० भरलंत तर एकरी उत्पादन सरळ चुकतं. सगळं हेक्टरमध्ये आणायचं असेल तर एकराला २.४७ ने भागा.

प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा. नाव प्रश्नावलीवर लिहू नका, क्रमांक द्या आणि नावांची वही वेगळी ठेवा. कारखान्याविरुद्ध बोललो तर पुढच्या वर्षी तोड लांबेल, ही भीती शेतकऱ्याच्या मनात असते. ती मानून वागणं हे संशोधकाचं कर्तव्य आहे.

हिशेब

सरासरीबरोबर मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा. दोन-तीन मोठ्या बागायतदारांमुळे सरासरी हलते, मध्यक सहसा हलत नाही. नंतर दर आणि उशीर एकत्र मोजा. समजा एका कारखान्याने चौदा दिवसांत ३,२०० रुपये दिले आणि दुसऱ्याने नव्वद दिवसांनी ३,३००. शेतकऱ्याने १२ टक्के व्याजाने पैसे उचलले असतील तर ७६ दिवसांचं व्याज सुमारे ८२ रुपये होतं. शंभराचा फरक अठरावर आला. कायद्याने देय असलेलं १५ टक्के व्याज मिळालं का, हा वेगळा रकाना ठेवा.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आर (R) किंवा जॅमोव्ही (jamovi) ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर मोफत आहेत. समाश्रयण (रिग्रेशन) करणार असाल तर लागण-खोडवा, कारखान्याचं अंतर आणि क्षेत्र ही चलं घ्या, आणि एका गावातली उत्तरं एकमेकांशी जोडलेली असतात हे गणितात धरा.

लिहिताना पद्धतीचं प्रकरण सर्वांत तपशिलाने लिहा: किती जणांनी नकार दिला, किती पावत्या सापडल्या नाहीत, कोणती गावं सुटली. निष्कर्ष एका हंगामापुरता आणि या दोन तालुक्यांपुरता आहे, हे पहिल्याच पानावर सांगा. अहवाल विद्यापीठात दिल्यावर दोन पानी सारांश मराठीत आणि कन्नडमध्ये करून त्या वीस गावांच्या सोसायट्यांत पोचवा.