नारिंगी नसलेल्या रंगपेटीतलं संत्रं

जुन्या संगणकांवर चित्रं काढणाऱ्या आमच्या गटात नवा माणूस आला की त्याचं पहिलं काम ठरलेलं असतं: संत्रं काढ. मी तेव्हा चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नागपूरच्या पोराला संत्रं काढायला सांगतात, यात काय ते अवघड, असं वाटलं. मग कळलं की ते झेडएक्स स्पेक्ट्रमवर काढायचंय. १९८२ सालचा हा घरगुती संगणक. त्याच्याजवळ रंग आठ: काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. काळा सोडून प्रत्येकाची एक उजळ छटा. नारिंगी नाहीच.

आम्ही महिन्यातून एका रविवारी धरमपेठेत सरांच्या वरच्या खोलीत जमतो. सर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती काढली होती, डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाची. त्यातलं एक सरांनी हप्त्यानं घेतलं आणि ते अजून चालतं. मे महिन्यात मात्र त्याच्यासमोर कूलर ठेवावा लागतो, नाहीतर अर्ध्या तासात पडदा गोठतो. बाकी मंडळी म्हणजे बँकेतली एक ताई, पॉलिटेक्निकची दोन पोरं, जुने टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आणि मी. महिन्याभरात जे केलं ते लावायचं, बाकीच्यांनी बोलायचं. तर्री पोहे सगळ्यांचं बघून झाल्यावरच, कारण तेलकट बोटं कीबोर्डला लागलेली सरांना चालत नाहीत.

माझं पहिलं संत्रं मी घरी साध्या पेंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं आणि पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो. ठिपके मोठे, रंग मोजके, दिसायला अगदी जुन्या काळचं. सरांनी ते मोठं करून पाहिलं. "काऊन रे, या एका चौकटीत चार रंग कसे बसवले? मशीनले विचारलं का?"

नव्यानं येणाऱ्यानं समजून घ्यायची गोष्ट हीच. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. त्याच्या ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटी पाडलेल्या असतात, आडव्या ३२, उभ्या २४. ठिपका कुठेही ठेवा, पण एका चौकटीत रंग दोनच. तिसरा रंग लावला की चौकटीतले आधीचे ठिपकेही बदलतात. याला अ‍ॅट्रिब्यूट क्लॅश म्हणतात. हे असं का, तर मेमरी वाचवायला: ठिपक्यांना ६१४४ बाइट, रंगांना फक्त ७६८. मी माझं चित्र कन्व्हर्टरमधून, म्हणजे साधं चित्र या नियमांत बसवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढलं तर पानाचा हिरवा रंग खाली सालीवर उतरला. ताई म्हणाली, "छान टरबूज आहे."

पुढचा महिनाभर मी तेवढंच करत होतो. लाल आणि पिवळे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून ठेवले की लांबून नारिंगी भास होतो. पण मग त्या चौकटीचे दोन्ही रंग संपले. संत्र्याच्या कडेला मागची काळी जमीन यायला हवी, ती कुठून आणायची? उजळ लालशेजारी साधा पिवळा ठेवावा म्हटलं तर तेही नाही, कारण उजळपणा अख्ख्या चौकटीला एकच लागतो. शेवटी वाट सापडली ती अशी. संत्रं आठ चौकटी रुंद घेतलं. वरच्या आणि डाव्या कडेच्या चौकटींत काळा नि पिवळा, खालच्या आणि उजव्या कडेला काळा नि लाल, आणि आतल्या सगळ्या चौकटींत लाल-पिवळ्याची सरमिसळ, वर पिवळे ठिपके दाट, खाली लाल दाट. रंग पुरत नाहीत म्हणून केलेली ही जुळवाजुळव, पण चित्रात डाव्या बाजूनं ऊन पडल्यासारखं दिसायला लागलं. पान संत्र्याला न चिकटवता वरच्या चौकटीत वेगळं बसवलं. कॉलेजात छायाप्रकाशाचे तास मी दोन वर्षं केले होते, पण उजेड नेमका कुठून येतो हा प्रश्न मला या कडांनी पहिल्यांदा विचारायला लावला.

साधनांचं थोडक्यात सांगतो. मल्टिपेंट हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि त्यात यंत्र निवडलं की त्याचे नियम ते स्वतःच पाळायला लावतं. सुरुवातीला तेच घ्या. स्पेक्ट्रमसाठी फ्यूज आणि कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या संगणकासाठी व्हाइस हे एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुनं यंत्र चालवून दाखवणारी सॉफ्टवेअर) पुरेत. खरं यंत्र शोधत बसू नका, त्यात पैसे आणि वर्षं दोन्ही जातात. ट्यूबवाला टीव्ही मात्र भंगारात मिळाला तर उचला. लाल-पिवळ्याचा पट आजच्या सपाट पडद्यावर पटासारखाच दिसतो, ट्यूबवर तो एकमेकांत विरघळतो. आमच्या काकांना सगळे मान देतात ते याच्याचसाठी.

आणि यंत्र एकच धरा. मी पहिल्या वर्षी तीन यंत्रांत तंगड्या घातल्या आणि संत्र्यानंतर एकही चित्र पुरं केलं नाही.

इतरांचं काय चाललंय ते सांगितलं तर या कामाचा आवाका कळेल. ताईचे आजोबा कोष्टी, घरी माग होता. ती सध्या करवती किनारीची मालिका करते आहे. विदर्भातल्या टसर साडीच्या काठावर करवतीच्या दातांसारखी जी नक्षी असते ती. तिचा एक दात बरोबर आठ ठिपक्यांचा, म्हणजे पडद्याच्या रुंदीत ३२ दात. नक्षी मुळातच दुरंगी, त्यामुळे जो क्लॅश मला महिनाभर छळत होता तो तिच्या वाटेला गेलाच नाही. आलेखाच्या कागदावर घरं मोजत नक्षी बसवणाऱ्यांच्या घरात वाढलेली बाई, तिला चौकटीचं काय भय! पहिल्या चित्रावर काका म्हणाले, छापील वाटतं. मागच्या रविवारी तिनं काही दातांचा टोकाचा एकेक ठिपका काढून आणला होता, आणि काठ एकदम हातमागाचा झाला.

पॉलिटेक्निकच्या एका पोरानं पिवळी मारबत काढली, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं निघणारा पुतळा, तीही सीजीएच्या, म्हणजे १९८१ च्या पीसीतल्या रंगीत चित्रांच्या कार्डाच्या नियमात. ३२० बाय २०० ठिपके आणि अख्ख्या पडद्यावर चार रंग. सीजीए म्हटलं की लोकांना आकाशी-किरमिजीच आठवतं, पण त्याचा दुसरा संच हिरवा, लाल आणि पिवळा आहे (चौथा रंग मागच्या जमिनीचा). मारबतीला तो शोभला. गर्दी मला जरा जास्तच वाटली, पण मिरवणूक पाहिलेल्याला ते पटेल.

दुसरा पोरगा कमोडोर ६४ वर देवनागरी लिहितो. या यंत्रात सोळा रंग, त्यात नारिंगीही आहे (मळकट का होईना, आहे), म्हणून आम्ही त्याला श्रीमंत म्हणतो. पण ८ बाय ८ च्या घरात 'क' नीट मावत नाही. वेलांटी वर, उकार खाली, आणि शिरोरेघ शेजारच्या घराशी जुळली पाहिजे. त्यानं शेवटी एका अक्षराला वरखाली दोन घरं दिली.

युरोपात याच्या जवळची चळवळ डेमोसीन नावानं ओळखली जाते. फिनलंडनं २०२० मध्ये तिची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली. तिथल्या मोठ्या स्पर्धांत चित्राबरोबर कामाचे टप्पेही मागतात. आम्हीही मागतो. फोटो कन्व्हर्टरमध्ये टाकून आणलेलं चित्र सरांना दुसऱ्याच मिनिटाला कळतं.

आता पोटापाण्याचं, कारण घरचे तेच विचारतात. जुन्या संगणकाचा चित्रकार अशी नोकरी मी कुठे पाहिली नाही. मला काम मिळालं ते सीताबर्डीच्या दुकानांवर लाल अक्षरं पळतात ना, त्या पाट्यांतून. पी-टेन म्हणतात त्यांना, कारण दोन दिव्यांत दहा मिलिमीटर अंतर. एका पट्टीत आडवे ३२ दिवे, उभे १६. म्हणजे मराठी अक्षराला उंची सोळा ठिपके. मी तीन वेलांटीला ठेवतो, एक शिरोरेघेला, नऊ अक्षराला, तीन उकाराला. बऱ्याच पाट्यांच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं येत नाहीत, ते पाय मोडून लिहितं, म्हणून हातानं काढून देणाऱ्याला अजून विचारतात. पहिल्याच पाटीत मी आपटलो. इतवारीतल्या एका दुकानाला 'शुद्ध तूप' हवं होतं. माझ्या 'द्ध' ची गाठ एका ठिपक्यानं कमी पडली आणि रात्रभर 'शुद्व तूप' पळत राहिलं. पाटी उतरवून परत लावायचा खर्च माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून कुठलंही अक्षर आधी दहा पावलांवरून वाचून बघतो, आणि तेही दुसऱ्याकडून.

हिंगण्याच्या एमआयडीसीत एकांना यंत्रावरच्या दोन ओळींच्या एलसीडीवर मराठी सूचना हव्या होत्या. तिथे अक्षराचं घर पाच बाय आठ, आणि स्वतःची अक्षरं ठेवायला जागा फक्त आठ. मी त्यांना सरळ सांगितलं की शब्द होणार नाहीत, खुणा होतील. आठ खुणा काढून दिल्या.

संत्रं मी खऱ्या यंत्रावर चढवलं ते तिसऱ्या महिन्यात. हे यंत्र कॅसेटवरच्या आवाजातून माहिती घेतं; माझ्या चित्राचा तो आवाज फोनमध्ये होता, फोनची वायर यंत्राच्या इअर सॉकेटात. कर्कश किंकाळी सुरू झाली. चित्र उतरायला सुमारे ४० सेकंद लागतात. पडद्याच्या तीन आडव्या पट्ट्या एकापाठोपाठ भरतात, त्याही ओळी सोडून सोडून, आणि सगळं आधी काळंपांढरं. गोल दिसला, पान दिसलं, पण नुसता ठिपक्यांचा पट. कुणी बोलेना. शेवटच्या चार-पाच सेकंदांत रंग वरून खाली सांडत आले, पानाला हिरवा, मग पिवळी कड, मग काकांच्या टीव्हीवर ते मधलं मिश्रण.

सर खुर्ची मागे घेऊन लांबून बघत होते. "पान एक चौकट डावीकडं घे," म्हणाले, आणि पोहे आणायला खाली गेले.